डबडं माझं नाव घेतं

आमच्या ह्यांनी लग्नानंतर मला कधी नावाने हाक मारली नाही. 'अगं', 'अगं ए', 'ऐकलंस का', आणि फारच प्रेम उतू गेलं तर 'कुठे उलथलीस?' एवढ्या चार शब्दांवर आमचा तीसेक वर्षांचा संसार झाला. हे कळंबोलीच्या लोखंडबाजारात वजनकाट्यावर कामाला होते. तिथे दिवसभर सळया आणि पत्रे आदळत असतात, आणि त्या गदारोळात ट्रकवाल्याला हाक ऐकू जायची तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. तोच आवाज घेऊन हे घरी यायचे.

नेरूळची आमची सोसायटी जुनी, चार मजली, बिनलिफ्टची. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. ह्यांनी खाली गेटवरून 'अगं ए!' केलं की चारही मजल्यांवरच्या बायका गॅलरीत यायच्या, कारण 'अगं ए' म्हणजे कुणीही असू शकते. एकदा मी वरूनच ओरडले, "अहो, निदान नाव तरी घ्या! म्हणजे बाकीच्या आपापल्या कामाला लागतील."

खालून उत्तर आलं, "घेतलंय की एकदा!"

घेतलं होतं, खरंय. लग्नाच्या दिवशी, दारात. नणंदेने दार अडवलं होतं आणि नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही म्हणून हटून बसली होती. लोक उखाण्यात चंद्र आणतात, मोगरा आणतात, गेला बाजार चांदीचं ताट तरी आणतात. ह्यांनी छाती पुढे काढली आणि ट्रकचा नंबर पुकारावा तसा ठोकून दिला, "कळंबोलीच्या बाजारात लोखंडाच्या राशी, अमुकचं नाव घेतो लग्नाच्या दिवशी!" त्या अमुकच्या जागी माझं नाव. सगळं घर खो खो हसलं. आत्येसासूबाई म्हणाल्या, "अरे मेल्या, नवी नवरी दारात आणि तू लोखंड काय आणतोस!" मी माझा पहिला राग तिथेच, माप ओलांडायच्या आधी, गिळला. पुढे कळलं की हा उखाणा ह्यांनी स्वतः रचला होता आणि लग्नाआधी काट्यावर बसून पुटपुटत पाठ केला होता.

त्यानंतर त्या उखाण्याचं एक खेळणंच झालं. मी रुसले, भांडी आपटायला लागले की हे पेपरमधून तोंड वर न काढता सुरू करायचे, "कळंबोलीच्या बाजारात लोखंडाच्या राशी..." आणि तिथेच थांबायचे. पुढचं नाव नाही घ्यायचा माणूस. मी म्हणायची, "घ्या की, जीभ झडणार नाही." हे नुसते मिशीत हसायचे. बँकेत आणि रेशन कार्डावर तेवढं माझं नाव, बाकी मी सोसायटीत काकू, माहेरी ताई आणि घरात अगं ए.

मग मुलीने ते डबडं आणलं. ती पुण्याला नोकरी करते. ह्यांच्या वाढदिवसाला एक गोल काळा डबा घेऊन आली आणि हॉलमध्ये शोकेसवर ठेवला. "आई, डबडं म्हणू नकोस, स्मार्ट स्पीकर आहे तो," असं मला तीनतीनदा बजावलं. त्याला नावाने हाक मारायची, की तो बातम्या लावतो, गाणी लावतो, गजर लावतो. आणि नाव कसलं, तर चक्क बाईचं! झालं. हे त्या डबड्याला दिवसातून दहा वेळा नाव घेऊन बोलवायला लागले. पाऊस पडेल का, तिला विचार. मॅचचा स्कोअर काय, तिला विचार. मी समोर उभी, आणि मला 'अगं ए, जरा बाजूला हो.' कानामागून आली नि तिखट झाली म्हणतात ते हेच. मी खरंच दोन दिवस अबोला धरला होता. हसू नका, तुमच्यावर वेळ आली असती म्हणजे कळलं असतं.

गेल्या वर्षी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. सकाळचा चहा घेताना कप हातातून सुटला आणि मी ओरडले, "लक्ष कुठे आहे?" उत्तर आलं नाही म्हणून वर बघितलं, तर तोंड एका बाजूला गेलेलं. त्या दिवसांविषयी मला फार लिहायचं नाही. सोसायटीतल्या माणसांनी खुर्चीत बसवून त्यांना खाली नेलं आणि काही आठवड्यांनी तसंच खुर्चीत बसवून वर आणलं. उजवा हात आणि पाय मंदावला होता. पण खरा घाव पडला तो बोलण्यावर. ऐकलेलं सगळं कळायचं, माणसं ओळखायचे, पेपर वाचायचे. फक्त शब्द बाहेर येत नव्हता. बोलायला गेले की 'ते, ते, ते' एवढंच.

घरी आले त्याच संध्याकाळी, मी बाजूला नाही असं बघून, त्यांनी डबड्याला हाक मारून पाहिली. मी दाराआड होते. "ते... ते... ते..." डबडं गप्प. परत, जोर लावून. डबडं गप्पच. ज्या माणसाच्या हाकेने भरलेले ट्रक मागे सरकायचे, त्याला एक डबडं ओ देईना. ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि त्या दिवसापासून बोलायचा प्रयत्नच सोडला. मला त्या डबड्याचा इतका संताप आला की खाली कचराकुंडीत टाकावंसं वाटलं.

स्पीच थेरपीच्या मॅडम आठवड्यातून एकदा घरी यायच्या. मोठ्या समजूतदार बाई. त्यांनी मला गॅलरीत नेऊन सांगितलं, "काकू, आवाज आहे, समज आहे. वाट अडलीय फक्त. पण ते प्रयत्नच करत नाहीयेत, आणि प्रयत्न केला नाही तर ही वाट बुजते. त्यांना काही हवं असलं तर तुम्ही लगेच देऊ नका. त्यांना तुम्हाला हाक मारू द्या." मी म्हटलं, "अहो मॅडम, हाक मारायला तोंड तर उघडलं पाहिजे!" मला बाकी काही नको होतं. गप्पा नकोत, भांडण नको, फक्त एक हाक. ती आली की पुढचं येईल, असं मी मनाशी धरून बसले होते.

मी आतल्या खोलीत ह्यांच्या उशाशी स्टीलचा डबा आणि चमचा ठेवला. काही लागलं तर वाजवा म्हटलं. हे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांना भीक मागायला बसवलंय. चमच्याला हात लावला नाही. मग देव्हाऱ्यातली घंटा आणून ठेवली, तीही तशीच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही! तहान लागली तरी पडून राहायचे. एक दिवस मी स्वयंपाकघरात असताना भिंत धरून एकटेच बाथरूमला निघाले आणि दारातच मटकन खाली बसले. नशीब, लागलं नाही. मी त्यांना उठवता उठवता रडलेही आणि ओरडलेही, "मेला तो मानीपणा! मला बोलवायला काय धाड भरली होती?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मॅडमनी शिकवायची पद्धत सोपी होती. जे तोंडपाठ आहे ते आधी परत येतं म्हणाल्या. पाढे, वार, महिने, आरत्या. डाव्या हाताने गादीवर ताल धरायचा आणि तालावर म्हणायचं. त्यांनी आपल्या आवाजात सगळं रेकॉर्ड करून ह्यांच्या फोनवर पाठवलं. आता ह्यांचा फोन म्हणजे काय सांगू. आमच्याकडे फोन वरून खाली येतात, पूर्वी मोठ्याचे कपडे धाकट्याला यायचे तसे. मुलगी नवा घेते, तिचा जुना मला आणि माझा जुना ह्यांना. ह्यांच्यापर्यंत येईस्तोवर त्या फोनमध्ये जीव राहिलेला नसतो. त्याचा आवाज असा यायचा की आत डास अडकलाय. मॅडमचे पाढे त्यातून ऐकायचे म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, ब्लूटूथने बाबांचा फोन स्पीकरला जोड ना. मग बोलायला नको, बाबा डाव्या हाताने फोनवर दाबतील आणि आवाज स्पीकरमधून येईल." मी म्हटलं, "तू ये आणि जोड." ती म्हणाली, "दोन मिनिटांचं काम आहे गं." ह्या मुलांची दोन मिनिटं मला माहीत आहेत.

पण बसले. आधी डबड्याला सांगायचं की बाई, फोन जोडायचाय. मला त्या सवतीचं नाव घेऊन बोलावं लागलं. हे पलंगावरून बघत होते. मग फोनमध्ये ते निळं चिन्ह दाबलं, तर खाली ही भलीमोठी यादी. वरच्या मजल्यावरच्यांचा टीव्ही, कुणाचं घड्याळ, कुणाचे कानातले बोळे. मी पहिल्यांदा वरच्यांच्या टीव्हीवरच बोट ठेवलं. मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटी आमचं डबडं सापडलं, दाबलं, आणि हॉलमधून ते ठणठणीत आवाजात बोललं, "कनेक्टेड टू..." आणि पुढे माझं नाव. पूर्ण, स्वच्छ, मोठ्याने.

मी दचकलेच. फोन माझा जुना, मुलीने तेव्हा त्यात माझं नाव घातलेलं, ते कुणी बदललंच नव्हतं. मी कंबरेवर हात ठेवून ह्यांच्याकडे वळले. "बघा! ऐकलंत? तीस वर्षांत नवऱ्याला जमलं नाही, ते ह्या डबड्याने करून दाखवलं!"

आणि हे हसले. तोंडाच्या एकाच बाजूने, पण हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा. मला इतकं बरं वाटलं की मी डबड्यावरची धूळ पदराने पुसली.

पाढे सुरू झाले. पण हे म्हणेनात. लहान पोरासारखं 'बे एके बे' माझ्यादेखत म्हणायची लाज वाटत असावी. नुसते ऐकायचे, कधी डावा हात गादीवर आपटायचे. त्याऐवजी एक नवीनच चाळा सुरू झाला. मी स्वयंपाकघरात असले की हॉलमध्ये डबडं बोलायचं, "कनेक्टेड टू" आणि माझं नाव. थोड्या वेळाने परत तेच. मी आतल्या खोलीत जाऊन बघितलं तर हे फोनमधलं ते निळं चिन्ह बंद करतायत, चालू करतायत. "अहो, काय खेळ लावलाय? बॅटरी संपेल ना!" म्हटलं आणि फोन बाजूला ठेवून कुकर बघायला गेले. पाठ वळते न वळते तोच पुन्हा माझं नाव. मी तरातरा परत आले. ह्यांनी डोळ्यांनी तांब्याकडे दाखवलं. तांब्या रिकामा होता.

मी तिथेच पलंगाच्या कडेला बसले. चमचा वाजवला नाही, घंटा वाजवली नाही, पण माणसाने मला बोलवायची वाट शोधून काढली होती. आणि बोलवत कसे होते, तर नावाने! मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "एवढंच होतं, तर आधी नाही का सांगायचं?" मग माझं मलाच हसू आलं, कारण सांगणार कसे?

त्या दिवसापासून आमचं घर बदललं. पाणी हवं, माझं नाव. बाथरूमला जायचं, माझं नाव. पेपर आला, माझं नाव. मी नुसतंच जवळ यावं असं वाटलं, तरी माझं नाव. मी जिथे असेन तिथून ओरडायची, "ओ! आले!" शेजारच्या वहिनी एकदा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काकू, तुमचं नाव इतकं गोड आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं." मी म्हटलं, "मला तरी कुठे माहीत होतं?" सवत म्हणत होते मी तिला, पण आता तिच्यावर माझी माया बसली.

मॅडम मात्र खूश नव्हत्या. "काकू, हे छान आहे. पण आता तोंडाचं काम यंत्र करतंय. यंत्र हाक मारतंय तोवर ते कशाला मारतील?" मला त्यांचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा माझा नवरा मला नावाने बोलवतोय आणि ह्या बाई म्हणतात बंद करा! मी हो हो म्हटलं आणि काही केलं नाही. मला ते बंद करवत नव्हतं. पण त्या बोलल्या ते खोटं नव्हतं. डबड्याच्या हाकेवरच आमचं उरलेलं आयुष्य जायचं का?

मग मुलगी दोन दिवस राहून गेली. तिला ह्याच्यातलं काही ठाऊक नव्हतं. मीही बोलले नव्हते. काय सांगायचं, तुझा बाप मला ब्लूटूथवरून नावाने बोलवतो म्हणून? निघताना तिने सगळं नीटनेटकं करून दिलं, तिची सवयच तशी. गॅसचं बुकिंग केलं, औषधं मागवली, आणि खाली उतरता उतरता म्हणाली, "आई, बाबांच्या फोनवर अजून तुझंच नाव होतं गं. मी काढून नीट बाबांचं टाकलंय आणि स्पीकरला परत जोडून दिलंय." मी 'बरं बरं' म्हटलं. माझं सगळं लक्ष तिला दिलेल्या चिवड्याच्या पिशवीकडे. ती पिशवी दोनदा दारातच विसरली होती.

दुसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते. हॉलमधून डबडं काहीतरी बोललं. माझे कान माझ्या नावाला सरावलेले, हे दुसरंच काही होतं. ह्यांचं नाव. म्हटलं, लागले वाटतं पाढ्यांना, बरं झालं. पोळी तव्यावर टाकली. परत ह्यांचं नाव. मग परत. डबडं बिचारं माझ्या नवऱ्याला माझ्या नवऱ्याच्याच नावाने हाका मारत होतं, आणि मी आत निवांत पोळ्या फुगवत होते.

मग ते थांबलं. आणि थप, थप असा आवाज यायला लागला. गादीवर हात आपटल्यासारखा. रागाने आपटतायत असं आधी वाटलं, पण त्यात ताल होता. थप, थप. मी लाटणं खाली ठेवलं.

"क..." आतून आलं. "कळं..."

मी जागच्या जागी उभी राहिले. धावत जावं असं एकदा वाटलं, आणि गेले तर तुटेल असंही वाटलं.

"कळं...बोली..." थप. "बाजा...रात..." थप. आवाज घोगरा, गंजलेला, पण त्यांचाच. "लो... लोखं..." इथे अडकले. परत हात आपटला. "लोखंडा...च्या... राशी."

आणि थांबले. तीस वर्षं इथेच थांबत आलेत. मी पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिले. हे पलंगावर बसलेले, कपाळावर घाम, हातातला फोन पायाशी पडलेला. माझ्याकडे बघत होते. मी मनात म्हटलं, पुरे, एवढं पुष्कळ झालं, देवा, एवढं फार झालं. बाकीचं नको.

त्यांनी हात उचलला. थप. माझ्या नावाचं पहिलं अक्षर आलं. तेच परत, तेच परत. मान हलवून त्यांनी ते झटकून टाकलं, दम घेतला, आणि माझं नाव घेतलं. अख्खं. काट्यावरून पुकारतात तसं, बेंबीच्या देठापासून, चारही मजल्यांना ऐकू जाईल असं. पुढचं 'लग्नाच्या दिवशी' आलंच नाही. लग्नाचा दिवस नव्हताच म्हणा, साधा मंगळवार होता. त्याच्या जागी त्यांनी तांब्याकडे बोट दाखवलं.

आत तव्यावरची पोळी करपायला लागली होती, तिचा वास येत होता. डबड्याला दिवसभर ओ देणारी मी, आणि मला मेलीला आवाज फुटेना. ह्यांना वाटलं मला ऐकू गेलं नाही. त्यांनी परत हात उचलला आणि पुन्हा माझं नाव घेतलं.

"ओ," मी म्हटलं. "ओ, आले."